काटा वर गेला म्हणजे पाणी वाढलं? शेतकरी प्रशिक्षण नेमकं कुठं अडतं

ओलावा (धागाकर्ती)

गेली चौदा वर्षं मी शेतकऱ्यांचे प्रशिक्षण वर्ग घेते. हॉलमध्ये किती जण बसले याच्या नोंदी माझ्याकडं वर्गवार, सहीनिशी आहेत. त्यातल्या किती जणांच्या रानात ती गोष्ट दुसऱ्या वर्षी टिकली, हे कुणी कधी विचारलं नाही आणि मीही लिहून ठेवलं नाही. मागच्या हंगामात मनाशी ठरवलं, की जिथं जिथं वर्ग घेतले तिथं परत जाऊन नुसतं बघायचं. हा धागा त्या फेरीतून निघालाय.

एक प्रसंग सांगते. टेन्शिओमीटर तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. पाण्यानं भरलेली नळी, खाली चिनीमातीचं सच्छिद्र टोक, वर काटा. मुळांच्या खोलीवर रोवायचं आणि काटा बघून पाणी द्यायचं. एका शेतकऱ्यानं वर्गात सगळं लक्ष देऊन ऐकलं होतं, वहीत आकृतीसुद्धा काढली होती. रानात गेले तर यंत्र व्यवस्थित रोवलेलं, नळी भरलेली, काच पुसलेली. पिकानं मात्र माना टाकलेल्या. विचारलं, "दादा, पाणी कधी दिलंत?" तर म्हणाले, "मॅडम, काटा साठवर आहे. ओल भरपूर आहे. दहावर आला की देणार."

टेन्शिओमीटर ताण मोजतं. माती जितकी कोरडी, तितका आकडा मोठा. पाणी दिलं की काटा शून्याकडं येतो. दादांनी यंत्र अगदी मन लावून वापरलं होतं, फक्त उलटं. त्यात आणखी एक गंमत आहे. ऐंशीच्या आसपास गेलं की नळीत हवा शिरते आणि काटा आपोआप खाली पडतो. यंत्र बंद पडलेलं असतं. त्यांच्या हिशेबानं तेव्हा "पाणी द्यायची वेळ" झाली असती, म्हणजे चुकीच्या कारणानं का होईना पाणी मिळालं असतं, पिकाचं जे व्हायचं ते होऊन गेल्यावर.

त्यांना दोष देता येईना. इंधनाचा काटा, टाकीची पातळी, तराजू, आयुष्यभर बघितलेलं प्रत्येक माप त्यांना हेच सांगत आलंय, की आकडा मोठा म्हणजे वस्तू जास्त. मी वर्गात "सेंटीबार" (हा ताण मोजायचं एकक) हा शब्द किती वेळा उच्चारला असेन देव जाणे. "हा काटा उलटा वाचायचा" एवढं एक वाक्य मात्र म्हणाले नव्हते, कारण ते मला इतकं उघड वाटत होतं.

प्रशिक्षण यशस्वी न होण्याची कारणं अहवालांत ठरलेली असतात: निरक्षरता, भांडवल नाही, जुन्या सवयी. मीही तीच लिहीत आले. फेरी करून आल्यापासून मला वेगळाच संशय येतोय. आम्ही यंत्र चालू असताना कसं दिसतं ते शिकवतो. ते बिघडल्यावर, उलटंसुलटं दाखवायला लागल्यावर माणूस रानात एकटा असतो, आणि त्या वेळेबद्दल आम्ही काहीच शिकवलेलं नसतं.

तुमचे अनुभव लिहा. शिकवणाऱ्यांचेही आणि शिकलेल्यांचेही. रागावून लिहिलंत तरी चालेल.

पाभर

वाचतेय. टेन्शिओमीटरचं वाचून हसू आलं, मग आठवलं की मी स्वतः दोन वर्षं पीएचचा आकडा वाढला की आम्लता वाढली असं समजत होते, खरं तर ती कमी होते. आणि मी विज्ञानाची पदवीधर आहे.

तिफण

ताई, रागावून नाही, पण स्पष्ट लिहितो. तुमचा वर्ग फसला तर तुमचा एक दिवस गेला. आमचा हंगाम जातो, आणि हंगाम वर्षातून एक-दोनदाच येतो. एवढ्या एका गोष्टीवरून आमचं निम्मं वागणं कळून येईल.

मला नवीन काहीही सांगा, मी पहिल्या वर्षी चार ओळींत करून बघणार. दुसऱ्या वर्षी पाऊस वेगळा पडला तर काय होतं ते बघणार. तिसऱ्या वर्षी वाढवणार. वर्ग घेणारे साहेब दुसऱ्या महिन्यात फोन करतात, "अवलंब केला का?" चार ओळी त्यांच्या तक्त्यात बसत नाहीत. मग एक तर मी खोटं सांगायचं नाही तर त्यांनी "नाही" लिहायचं. मी तीन प्रशिक्षणांत "नाही" आहे आणि तिन्ही गोष्टी आज माझ्या रानात आहेत.

जुनी_वही

तिफण यांनी सांगितलं ते जगभर नोंदलं गेलंय. या विषयावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या आयोवाचा, रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांचा, १९४३ साली छापलेला. दोन वस्त्यांमधल्या २५९ शेतकऱ्यांना त्यांनी विचारलं, की संकरित मका तुम्ही कधी ऐकला, कधी लावला. बियाणं तिथं १९२८ च्या सुमारास आलं. १९४१ पर्यंत दोघे सोडून सगळ्यांनी घेतलं होतं. पण पहिल्यांदा ऐकल्यापासून प्रत्यक्ष घेईपर्यंत सरासरी नऊ वर्षं गेली. उत्पन्न उघड जास्त असूनही. आणि जवळजवळ प्रत्येकानं सुरुवात छोट्या तुकड्यावर केली. बियाण्याची पहिली खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली, खात्री मात्र शेजाऱ्याकडून पटली.

नऊ वर्षं. आपले प्रकल्प तीन वर्षांचे असतात, त्यातलं पहिलं मंजुरीत जातं.

त्याहून जुनं एक उदाहरण मला जास्त आवडतं. सीमन नॅप नावाचे गृहस्थ अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी काम करत. सरकारी प्रात्यक्षिक क्षेत्रं त्यांनी काढून बघितली. शेतकरी येत, बघत आणि म्हणत, सरकारच्या पैशानं कुणीही पिकवेल. मग १९०३ साली टेक्सासमधल्या टेरेल इथं त्यांनी पद्धत बदलली. एका साध्या शेतकऱ्याच्या, पोर्टर यांच्या, जमिनीवर, त्यांच्याच हातांनी प्रयोग केला. आणि मुख्य म्हणजे गावातल्या व्यापाऱ्यांनी एक निधी जमवून ठेवला: नुकसान झालं तर यातून भरून देऊ. निधीला हात लावायची वेळ आली नाही, पोर्टर यांना नेहमीपेक्षा जास्तच मिळालं. पुढं १९१४ चा स्मिथ-लीव्हर कायदा होऊन देशभर विस्तार सेवा उभी राहिली, तिचं मूळ या रानात आहे असं मानतात.

कायदा सगळ्यांना आठवतो. तो निधी कुणाला आठवत नाही. ठरलेला तास, पुस्तिका, बॅनर यांच्या यादीत "नुकसान झालं तर कोण भरणार" हा रकाना मी माझ्या अख्ख्या नोकरीत बघितला नाही.

सरळसोट

सगळे शेतकऱ्यांच्या बाजूनं लिहिताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मीही वर्ग घेतो. निम्मे लोक अनुदानाच्या फॉर्मवर सही हवी म्हणून येतात. मागं बसून मोबाइल बघतात. प्रश्न विचारा म्हटलं की शांतता. संपताना एकच प्रश्न: "सर, यंत्र कधी मिळणार?" शिकायचंच नसेल तर पद्धत बदलून काय होणार?

तिफण

@सरळसोट, साहेब, राग मानू नका. वर्गात प्रश्न विचारणं म्हणजे चाळीस ओळखीच्या माणसांसमोर "मला हे येत नाही" म्हणणं. त्यात माझे भाऊबंद, ज्यांच्याशी बांधावरून वाद आहे तेही बसलेले. बाहेर पडल्यावर चपला घालताना तुमच्याभोवती जे दोघं-तिघं घुटमळतात ना, खरे प्रश्न तिथं असतात. तेव्हा तुम्हाला गाडी गाठायची असते.

सरळसोट

चपलांचं मान्य. अनुदानाचं नाही.

ठिबकवाला

मी प्रशिक्षक नाही, ठिबकची जोडणी आणि दुरुस्ती करतो. ओलावाताईंचा संशय शंभर टक्के बरोबर आहे. मी त्यावरच पोट भरतो.

ठिबकच्या वर्गात काय दाखवतात? पंप चालू, थेंब पडतोय, पाणी वाचतंय, टाळ्या. मला फोन येतो तो दोन हंगामांनी. "अर्ध्या ओळी सुकल्यात, पाइप गुंडाळून ठेवतोय." जाऊन बघतो तर फिल्टरची जाळी लावल्यापासून उघडलेली नाही. फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन दाबमापक कशाला दिलेत, हे कुणीच सांगितलेलं नसतं. दोन्हींतला फरक वाढायला लागला म्हणजे जाळी तुंबतेय, एवढंच त्याचं काम. एका ठिकाणी एक दाबमापक काढून दुसऱ्या कामाला लावला होता, "दोन्ही सारखंच दाखवत होते, एक जास्तीचा होता." नवीन असताना सारखंच दाखवणार की हो!

दुसरं, टाकीत काय काय एकत्र करायचं. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटवालं खत एकाच टाकीत टाकलं की दोघांची गाठ पडून पांढरा चोथा होतो आणि तो ड्रिपरच्या तोंडाशी जाऊन बसतो. सल्फेटवाल्या खतांचंही तेच. हे वर्गात तक्त्यावर असतं, पण तक्ता कुणाला आठवतो? मी एक करतो. काचेच्या बरणीत त्यांच्याच विहिरीचं पाणी घेऊन, त्यांचीच दोन खतं त्याच प्रमाणात टाकतो आणि बरणी ओट्यावर ठेवून कामाला लागतो. तासाभरानं बरणी दुधासारखी झालेली असते. मला एक शब्द बोलावा लागत नाही. ती बरणी नंतर पुढची चार घरं फिरून येते.

तिसरं, आम्ल प्रक्रिया. क्षार बसलेल्या नळ्या आम्लानं मोकळ्या होतात. शेवटच्या ड्रिपरमधून पडणाऱ्या पाण्याचा पीएच चारच्या आसपास येईपर्यंत आम्ल सोडायचं, पाणी बंद करून काही तास तसंच ठेवायचं, मग नळ्यांची टोकं उघडून धुऊन काढायचं. पीएच बघायला कागदाची पट्टी पुरते. हे न शिकवण्याचं कारण मला एका साहेबांनी सांगितलं: "धोक्याचं आहे, कुणाला भाजलं तर आमच्यावर येईल." धोका आहेच. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे, चष्मा हवेतच. शेवाळासाठी क्लोरीन वापरत असाल तर ते आणि आम्ल एकाच वेळी चुकूनही नाही, विषारी वायू होतो. पण न शिकवल्यानं लोक थांबत नाहीत. ऐकीव माहितीवर करतात, उघड्या हातांनी.

पाभर

बरणीची कल्पना चोरतेय.

मोगडा

फवारणीबद्दल. आमच्याकडच्या प्रत्येक वर्गाला मालक जातो. फवारतो मजूर. मजुराला बोलावलं तर त्याचा रोज कोण देणार, हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो आणि तिथंच विषय संपतो. मालक घरी येऊन सांगतो, "दोन झाकणं टाक." संपलं प्रशिक्षण. झाकण कुठल्या बाटलीचं, हे विचारायचं नाही.

आणि समजा सगळं नीट शिकवलं, तरी त्यात एक हिशेब आहे जो वर्गात फळ्यावर येतो आणि फळ्यावरच राहतो. लेबलवर मात्रा हेक्टरी असते. पाठीवर पंप १६ लिटरचा. मध्ये पूल कुठंय? पूल म्हणजे तुमची चाल आणि तुमचा नोझल. साधं पाणी भरून शंभर चौरस मीटर फवारून बघायचं. चार लिटर लागलं तर हेक्टरी ४०० लिटर, म्हणजे २५ पंप. मात्रा हेक्टरी ५०० मिलि असेल तर पंपाला २०. शेजारी भरभर चालतो, त्याला तेवढ्याच जागेत ३.२ लिटर लागलं, तर त्याचे पंप होतात २० आणि पंपाला पडतात २५ मिलि. औषध तेच, बाटली तीच, माप वेगळं. आणि दोघं मात्र बांधावर उभं राहून एकमेकांना विचारतात, "तू किती टाकतोस?"

हे मी एकदा पन्नास जणांना फळ्यावर समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या वेळी फळा ठेवला घरी. रिकाम्या जागेत दोरी लावून शंभर चौरस मीटर आखलं, दोघांना पंप दिले आणि चाला म्हटलं. कुणाचं किती पाणी संपलं यावर पैजा लागल्या. हिशेब त्यांनीच केला, मातीत काडीनं. मी फक्त नोझल बदलून दिले, कारण तणनाशक मारायच्या चपट्या नोझलनं दोघं कीटकनाशक मारत होते.

माती परीक्षणाच्या अहवालाचं हेच रडगाणं. शिफारस शंभर किलो नत्राची, हातात युरिया, त्यात नत्र ४६ टक्के. म्हणजे साधारण २१७ किलो युरिया. हे त्या कागदावर कुणीतरी आधीच लिहून दिलं तर काय बिघडतं? शेतकऱ्याला गणित येत नाही म्हणायचं आणि छापखान्यात एक रकाना वाढवायचा नाही.

कोळपणी

एवढा धागा झाला, अजून एकाही प्रतिसादात बाई शेतात दिसलेली नाही. धागाकर्त्या ताई सोडून, आणि त्याही वर्ग घ्यायला गेलेल्या.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०१०-११ चा वार्षिक अहवाल याच विषयावर होता. विकसनशील देशांत शेतीतल्या मनुष्यबळात बायका सरासरी ४३ टक्के. त्यांना पुरुषांएवढीच साधनं मिळाली तर त्यांच्या शेतातलं उत्पन्न २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकतं, असा त्यात अंदाज आहे. साधनांत जमीन, कर्ज, बियाणं येतं आणि प्रशिक्षणही येतं.

पण आमंत्रण जातं जमिनीच्या कागदावर नाव असलेल्याला. वर्गाची वेळ सकाळी दहा किंवा दुपारी तीन. त्या वेळेला मी कुठं असते हे कुणी विचारलंय? एकदा एका प्रशिक्षकानं आम्हाला विचारून वेळ ठरवली. दुपारच्या कामातल्या विश्रांतीत, रानातच, पाऊण तास, आठवड्यातून एकदा. एकही जण गळली नाही.

शिकवलं काय, तर भाताचा पानरंग तक्ता. चार हिरव्या पट्ट्या असलेलं प्लॅस्टिकचं साधन. सगळ्यात वरचं पूर्ण उघडलेलं पान पट्टीवर धरायचं, उन्हाकडं पाठ करून अंगाच्या सावलीत, दर वेळी साधारण त्याच वेळेला, आणि शक्यतो त्याच माणसानं. दहा पानं बघायची. निम्म्याहून जास्त पानं ठरलेल्या पट्टीपेक्षा फिकी निघाली तर नत्र द्यायचं. वाचायला काही लागत नाही. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याला मात्र सगळ्या पट्ट्या सारख्याच दिसायच्या. भांडणं झाली थोडी. नंतर कळलं की त्याला लाल-हिरव्यातला फरक पहिल्यापासूनच नीट ओळखता येत नाही. आता घरात नत्राचा निर्णय तिचा. असंही होतं कधी कधी.

आकडेमोड

संशोधन वाचणं हे माझं काम आहे, म्हणून दोन गोष्टींची भर. दोन्ही मला वर्गात प्रत्यक्ष उपयोगी पडल्यात.

पहिली. इंडोनेशियातले समुद्री शेवाळाचे शेतकरी. शेवाळाचे छोटे तुकडे दोरीला बांधून समुद्रात वाढवतात. सेंधिल मुल्लइनाथन आणि सहकाऱ्यांनी (हा अभ्यास २०१४ चा) त्यांना विचारलं, दोऱ्यांत अंतर किती ठेवता, तुकड्यांत किती, काढणी किती दिवसांनी. सगळं तोंडपाठ. मग विचारलं, लावताना तुकडा किती वजनाचा घेता? बहुतेकांना सांगता येईना. वर्षानुवर्षं करत असूनही त्यांनी त्या गोष्टीकडं कधी बघितलंच नव्हतं, आणि उत्पन्न तर तिच्यावरही अवलंबून होतं. पुढची गोष्ट आणखी मजेशीर आहे. त्यांच्याच दोऱ्यांवर वेगवेगळ्या वजनांचे प्रयोग केले, शेतकरी स्वतः त्यात होते, तरी त्यांनी पद्धत बदलली नाही. आकडे समोर मांडून "वजनाकडं बघा" असं सांगितल्यावर बदलली.

म्हणजे नुसतं प्रात्यक्षिक पुरत नाही. डोळ्यांसमोर असलेलं दिसतंच असं नाही. ओलावाताई, तुमच्या दादांनी काटा बघितला होता, बरोबर ना? कशाकडं बघायचं ते माहीत नव्हतं.

दुसरी. मलावीमध्ये बेनयिशाय आणि मोबारक या दोघांनी तपासलं (२०१९ ला प्रसिद्ध झालं), की नवीन पद्धत गावात कुणी पसरवली तर चालते. एका ठिकाणी नावाजलेला, पुढारी शेतकरी नेमला. दुसरीकडं अगदी सामान्य, बाकीच्यांसारखीच जमीन आणि परिस्थिती असलेले शेतकरी. सामान्य शेतकऱ्यांना या कामाचा छोटासा मोबदला दिला, तेव्हा त्यांचं सगळ्यात जास्त ऐकलं गेलं. मोबदला नसताना त्यांनी फारसं काही केलं नाही, साहजिकच. शिकवणं हे कष्टाचं काम आहे आणि आपण ते शेतकऱ्याकडून फुकट करून घ्यायची अपेक्षा धरतो.

तिफण

हे पटलं. पुरस्कारवाल्या शेतकऱ्याच्या रानात आम्हाला बसनं नेतात. त्याच्याकडं दोन विहिरी, स्वतःचा ट्रॅक्टर, पोरगा शेतकी पदवीधर. आम्ही बघतो, कौतुक करतो आणि परतताना म्हणतो, "त्याचं जमतं."

कसणाऱ्याचाही विचार करा. जमीन दुसऱ्याची, दरवर्षी बोलीवर. त्याला तुम्ही सेंद्रिय कर्ब वाढवायला सांगता, चार वर्षांनी फळ. चार वर्षांनी तो त्या रानात असेल का?

सरळसोट

खंडानं कसणाऱ्यांबद्दल मी कधी विचार केला नव्हता. माझ्या हजेरीपटावर तसा रकानाच नाही.

पाभर

शेतीशाळांबद्दल कुणी लिहिलं नाही? हॉलमधल्या वर्गापेक्षा ती पद्धत मला फार वरची वाटते.

जुनी_वही

लिहितो. उगम इंडोनेशियातच. भातावर तपकिरी तुडतुडे उसळले होते आणि फवारणी वाढवली तसे ते जास्तच वाढले, कारण तुडतुडे खाणारे कोळी आधी मरत होते. १९८६ साली तिथल्या सरकारनं भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. १९८९ पासून शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीस-एक शेतकरी, पूर्ण हंगाम, दर आठवड्याला रानात. कीड मोजायची, मित्रकीटक मोजायचे, मोठ्या कागदावर रोपाचं चित्र काढून त्याभोवती कीड आणि मित्रकीटक मांडायचे आणि मग फवारायचं की नाही ते गटानं ठरवायचं. बरणीत कोळी आणि तुडतुडे एकत्र ठेवून कोण कुणाला खातं ते बघायचं. ठिबकवाल्यांच्या बरणीची थोरली बहीणच म्हणा.

शाळेत जे बसले ते खरोखर शिकले. पण इंडोनेशियातल्याच गावांचा २००४ साली एक अभ्यास आला, त्यात शिकलेल्यांकडून शेजाऱ्यांकडं ते ज्ञान गेल्याचं फारसं दिसलं नाही. त्यावर बरीच वादावादी झाली. मला त्यात नवल वाटत नाही. "युरिया एक पोतं कमी टाक" हे बांधावरून सांगता येतं. कोळी किती, तुडतुडे किती, मग काय ठरवायचं, हे सांगता येत नाही, करूनच यावं लागतं. आणि पूर्ण हंगाम पंचवीस जणांसाठी एक माणूस अडकवणं कुठल्याच खात्याला परवडत नाही. त्याआधी कृषी विस्तार तज्ज्ञ बेनॉर यांची प्रशिक्षण आणि भेट पद्धत होती, जागतिक बँकेच्या मदतीनं अनेक देशांत नेलेली. गावातल्या निवडलेल्या शेतकऱ्याची (त्याला संपर्क शेतकरी म्हणत) पंधरवड्याला ठरलेली भेट. मदत आटली तशा भेटीही आटल्या.

ठिबकवाला

आणि मोबाइल ॲप? त्यावर कुणी बोलत नाही.

मोगडा

उघडलं, नोंदणी मागितली, ओटीपी आला नाही, बंद केलं. पुढचा विषय.

(बोलून पाठवलेला आवाजी संदेश मात्र लोक परत परत ऐकतात, विशेषतः ओळखीचा आवाज असेल तर. एवढं श्रेय देतो.)

ओलावा (धागाकर्ती)

तीन दिवस रानात होते, आज सगळं एका बैठकीत वाचलं. @तिफण दादा, तुमच्या चार ओळींसाठी मी माझ्या तक्त्यात रकाना वाढवलाय: "थोड्या जागेत करून बघतायत". वरच्या कार्यालयानं तो काढून टाकला तर माझ्या वहीत राहील. @कोळपणी ताई, पुढच्या गटाची वेळ मी ठरवणार नाही, विचारणार आहे. @मोगडा, दोरीची आणि पैजांची पद्धत मी उचलतेय.

@जुनी_वही, नुकसानभरपाईच्या निधीबद्दल मी बैठकीत विचारून बघितलं. उत्तर आलं, "तशी तरतूद नाही." कुणी हसलं नाही, रागावलंही नाही, पुढचा मुद्दा घेतला.

आकडेमोड यांनी ज्यांचा उल्लेख केला त्या काटेवाल्या दादांचं पुढं काय झालं ते सांगते. मी त्याच दिवशी बांधावर बसून समजवायचा प्रयत्न केला. मुळाला पाणी ओढायला किती जोर लागतो, तो जोर म्हणजे हा आकडा, वगैरे. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे विहिरीच्या दोरासारखं. पाणी खाली गेलं की दोर जास्त सोडावा लागतो. हा काटा दोर मोजतो, पाणी नाही." चौदा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. परवाच्या वर्गात मी तसंच सांगितलं, त्यांचं नाव घेऊन. मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, "मग ऐंशीच्या पुढं काटा पडतो तेव्हा दोर तुटला म्हणायचं." तोही दृष्टांत घेतला.

आता एक अडचण आहे. यंत्राची नळी परत भरताना हवेचे बुडबुडे राहतात आणि काटा चुकीचा दाखवतो. माझ्याकडं हवा ओढून काढायचा हातपंप आहे, शेतकऱ्यांकडं नसतो. कुणाला साधा उपाय माहीत आहे?

ठिबकवाला

पाणी आधी उकळून गार करून घ्या, त्यातली हवा निघून जाते. यंत्राचं टोक रात्रभर बादलीत बुडवून ठेवा आणि नळी हळूहळू, तिरकी धरून भरा. बोटानं टिचक्या मारल्या की उरलेले बुडबुडे वर येतात. रोवायच्या आधी टोक थोडा वेळ वाऱ्यात धरा, काटा वर चढायला लागला तर यंत्र ठीक. नाही चढला तर परत भरा.

तिफण

ताई, हे वर्गात आधी सांगा. सेंटीबार नंतर.